न ओढलेली रेघ

पौष लागला आणि बाजारात खजुराचा नवा गूळ आला, की मी गूळवाल्याच्या समोरून जायचं टाळते. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. तो गावाकडून टोपलीत ढेपा घालून येतो, फुटपाथवर गोणपाट अंथरतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एक खडा चाखायला देतो. वास तर असा दरवळतो की चालती ट्राम थांबावी. मी मात्र नाक मुरडून पुढे निघते. कोणी विचारलं तर सांगते, मला नाही आवडत, धुरकट लागतो. सपशेल खोटं. मला हा गूळ इतका आवडतो की आईला तो माझ्यापासून फळीवर लपवून ठेवावा लागायचा.

कलकत्त्याचा हिवाळा तसा चार दिवसांचा पाहुणा. पण इथले लोक त्याचे लाड असे करतात की हिमालय दारात आल्यासारखा. जरा गारठा पडला की माकडटोप्या निघतात, गळ्याभोवती मफलर येतात, संत्र्यांच्या साली गच्चीवर वाळत पडतात. संध्याकाळी घराघरांतल्या कोळशाच्या शेगड्या पेटतात आणि धूर वर न जाता गल्लीतच बसून राहतो. डोळे चुरचुरतात. त्या हिवाळ्यात मी जे काही रडले असेन ते त्या धुराच्या नावावर खपून गेलं, एवढे त्याचे उपकार.

तो हिवाळा सत्तर संपून एकाहत्तर लागतानाचा. त्या पौषात बिनूने मला ओळखायचं सोडलं. भांडण नाही, तंटा नाही, रुसवा नाही. काल बोलत होता, आज बोलेना. का, हे सांगायला तो पुढे राहिला नाही. आणि मला आयुष्यात खरोखर एवढी एकच गोष्ट कळून घ्यायची होती: त्याला मी नकोशी झाले होते, की आणखी काही होतं? त्या एका प्रश्नापायी मी या शहरात राहिले. वडिलांची बदली नागपूरला झाली, आईने डोळ्यांतून पाणी काढलं, दोन स्थळं सांगून आली नि गेली, तरी राहिले. या वर्षीच्या पौषाने त्याचं उत्तर आणून दिलंय. म्हणून लिहायला बसले आहे.

बिनू म्हणजे विनायक. बेहाला नावाच्या उपनगरातल्या एका मराठी घरातला. त्याचे आजोबा शिक्षक म्हणून इथे आले आणि इथलेच झाले. वडील इथे जन्मले, तो इथे जन्मला, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विनायकाचा बिनायक केला आणि बिनायकाचा बिनू. आम्ही बदलीवाले. वडील रेल्वेत, राहायला गार्डन रीचचं क्वार्टर, खिडकीतून नदी आणि जहाजांचे भोंगे. आमच्यासारख्या बदलीवाल्यांना या जुन्या मराठी मंडळींची मजा वाटायची. ती मराठी बोलायची, पण बंगाल्यांसारखी चहा प्यायची नाहीत, खायची.

"चहा खाणार?" हे बिनूचं मला उद्देशून पहिलं वाक्य.

"चहा पितात," मी म्हटलं. तेव्हा मी फार शिष्ट होते.

"पी मग. मी खातो," तो म्हणाला आणि खरंच पावाचा तुकडा कपात बुडवून त्याने चहा खाऊन दाखवला.

आम्ही दोघं एका संख्याशास्त्राच्या संस्थेत संशोधन-साहाय्यक होतो. आमचे वरिष्ठ म्हणजे मास्टरमोशाय, बंगालीतले गुरुजी. धोतर, कोट, पायात कॅनव्हासचे बूट आणि डोक्यात एक वेड. बाकीचे लोक भाताच्या पिकाचे, तागाचे, जनगणनेचे आकडे मोजत असताना यांना मेलेल्या माणसांच्या ओळखी मोजायच्या होत्या. दीडशे वर्षांपूर्वी बागबाजारात कोण कोणाला ओळखत होतं? राजेरजवाडे नव्हेत, साधी माणसं: तेली, विणकर, दलाल, विधवा. त्यांनी मागे काही लिहून ठेवलं नव्हतं. पण घर विकताना, गहाण टाकताना दस्त होतो, आणि दस्तावर साक्षीदार लागतात. साक्षीला आपण परक्याला बोलावत नाही. तेव्हा ज्यांची नावं एका दस्तावर, त्यांच्यामध्ये एक रेघ ओढायची. अशा रेघा ओढत गेलं की सगळ्या मोहल्ल्याचं जाळं भिंतीवर उभं राहतं. आमच्या खोलीची एक भिंत अशीच टाचण्यांनी आणि सुतळीने भरलेली होती. झाडूवाली बाई त्या भिंतीला हात लावायची नाही. तिला ती करणी वाटायची.

पण नुसतं जाळं विणून भागत नाही. दोन माणसं एका दस्तावर आली ती ओळखीने आली की योगायोगाने, हे कसं ठरवायचं? जो माणूस गल्लीतल्या प्रत्येक दस्तावर सही ठोकतो तो सगळ्यांबरोबर दिसणारच. त्यावर मास्टरमोशायांची तोड अशी, की खऱ्या शहराशेजारी एक खोटं शहर उभं करायचं. ज्याचं नाव जितक्या दस्तांवर, तितक्या त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या. सगळ्या चिठ्ठ्या एका भांड्यात घालून ढवळायच्या आणि डोळे मिटून एकेका दस्तावर काढून ठेवायच्या. झालं एक खोटं बागबाजार, ज्यात कोणाचंच कोणाशी नातं नाही, सगळा योगायोग. मग पुन्हा चिठ्ठ्या आत, पुन्हा ढवळायचं, पुन्हा नवं शहर. अशी पुष्कळ खोटी शहरं काढली की कळतं, योगायोगाने अमुक दोघं साधारण किती वेळा भेटली असती. खऱ्या शहरात त्याहून जास्त वेळा भेटत असतील, तर त्यांच्यात काहीतरी आहे. मोठ्या यंत्रावर हे काम झटक्यात झालं असतं, पण ते यंत्र मोठ्या लोकांच्या मोठ्या कामांना. आमच्या वाट्याला हाताने फिरवायचं गणकयंत्र आणि रसगुल्ल्यांची रिकामी मातीची हंडी.

हंडी बिनूने आणली होती. धुतली होती म्हणाला, पण कसली धुतोय. दुसऱ्या दिवशी आत ही लाल मुंग्यांची रांग. अख्खं बागबाजार मुंग्यांनी व्यापलं. आम्ही चिठ्ठ्या टेबलावर पसरून एकेक झटकत बसलो. गुरुचरणाला मुंगी लागली, पीतांबराला मुंगी लागली, निमाईचरणाच्या अंगावर तर तीन, असं बिनू एखाद्या साथीची बातमी द्यावी तसा सांगत होता. मास्टरमोशाय दारात येऊन उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "काळजी करू नका, ते लोक पूर्वीच गेलेले आहेत." त्या दिवशी मी त्या खोलीत पहिल्यांदा मोठ्याने हसले. आजही मातीच्या भांड्याला साखरेच्या पाकाचा आंबूस वास आला की मला त्या गेलेल्या लोकांची आठवण येते, आणि त्यांच्याहून जास्त जो नंतर गेला त्याची.

त्या लोकांत एक निस्तारिणी होती. विधवा बाई, तिच्या नावावर एका गल्लीत घराचे तुकडे होते आणि ती ते विकत, गहाण टाकत, सोडवत असे. लिहिता येत नव्हतं, म्हणून सहीच्या जागी एक छोटा मासा काढायची. नक्कल करणाऱ्या कारकुनाने तो मासासुद्धा इमानाने उतरवला होता. आणि तिच्या भिंतीला भिंत लागून राहायचा कालाचांद नावाचा तेली. हा गल्लीतला ठरलेला साक्षीदार. कुणाचंही घर विकलं जावो, कालाचांदची सही आहेच. फक्त निस्तारिणीच्या दस्तांवर नाही. एकदाही नाही. आम्ही हंडीतून जी जी खोटी शहरं काढली, त्या प्रत्येक शहरात ही दोघं कुठे ना कुठे भेटली. आंधळ्या योगायोगालासुद्धा ती भेटवता येत होती. खऱ्या बागबाजारात मात्र त्यांच्यामध्ये रेघ नव्हती.

"ओळख नसेल," मी म्हटलं.

बिनूने मान हलवली. "भिंतीला भिंत आहे, आणि ओळख नाही? अनोळखी माणसं अधूनमधून चुकून भेटतात ना, म्हणूनच ती अनोळखी. जी कधीच भेटत नाहीत, ती टाळतात. आणि टाळायला तर चांगलीच ओळख पाहिजे."

मास्टरमोशाय ऐकत होते. त्यांना असलं काही बोललेलं फार आवडायचं आणि तरी ते कबूल करायचे नाहीत. म्हणाले, "बरोबर. पण शून्य दोन कारणांनी येतं. वैराने येतं, लपवायच्या मायेनेही येतं. आपल्या रीतीला त्यांतला फरक सांगता येत नाही. कागदावर नाही ते आपण लिहायचं नाही."

"कागदावर नाही म्हणजे माया," बिनू म्हणाला. "वैर असतं तर दावा लावला असता. दाव्याचे कागद असते."

त्यावर त्यांचा वाद बराच वेळ चालला. मी गणकयंत्राचा दांडा फिरवत बसले. कारण तोवर बिनू मलाच निस्तारिणी म्हणायला लागला होता. आमची टेबलं एकमेकांना लागून, आणि मी आल्यापासून पहिले कित्येक दिवस त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. "हिच्या भिंतीला भिंत लावून बसतो, आणि ही माझ्या कागदावर येत नाही," असं तो चहावाल्याला सांगायचा. चहावाल्याला ओ की ठो कळायचं नाही. मग माझ्या टेबलावरच्या प्रत्येक कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात मासे उमटायला लागले. हसरे मासे, रुसलेले मासे, चष्मा लावलेला एक मासा. एकदा वडिलांच्या हाती असा कागद लागला. म्हणाले, "सुमन, तुमच्या संस्थेत मत्स्यविभागही आहे का गं?" मी काय सांगणार, हो म्हटलं.

त्या मार्गशीर्षात दुपारची ट्राम पकडून आम्ही दोनतीनदा बागबाजारला गेलो होतो. मास्टरमोशायांनी पाठवलं होतं, गल्ल्यांचे जुने कोपरे पाहून या म्हणून. निदान आम्ही घरी तसंच सांगितलं. तिथे नदीकडून वारा यायचा, घाटावर लोक उन्हात पाठ शेकत बसलेले असायचे. एके काळी आपल्याच मराठी घोडेस्वारांच्या भीतीने या शहराने इथून खंदक खणायला घेतला होता. ते घोडेस्वार या शहरात कधी आलेच नाहीत, पुढे खंदक बुजवून त्यावर रस्ता झाला. बिनू मला घाटावरच्या एका म्हाताऱ्यापुढे उभं करून म्हणाला, "दादू, बघून घ्या, शेवटी पोचली." म्हातारा बोळक्या तोंडाने हसला आणि त्याने आम्हाला आपल्या पुडीतले भाजलेले दाणे दिले. परतताना बिनूने हंगामातल्या अगदी पहिल्या गुळाची एक ढेप घेतली, अर्धी त्याच्या आईला, अर्धी माझ्या. ती तोडताना ढेपेचा एक तुकडा उडाला, तो आम्ही दोघांनी वाटून खाल्ला. काही म्हणाला नाही. मीही म्हटलं नाही. म्हणायचं राहिलंय याची दोघांनाही पुरती कल्पना होती, आणि घाई काय आहे असं वाटत होतं.

घाई होती. शहरात तेव्हा भिंतीभिंतींवर घोषणा रंगवलेल्या असायच्या, संध्याकाळी कुठल्या तरी गल्लीतून बॉम्बचा आवाज यायचा आणि दुकानांची फळकुटं धडाधड लागायची. कॉलेजातली मुलं घरातून नाहीशी होत होती. काही आपल्या पायांनी, काहींना पोलीस नेत होते. एकाला पकडलं की त्याचा मित्र कोण, मित्राचा मित्र कोण, कोणाच्या घरी जेवला, कोणाबरोबर चहा प्याला, असं करत करत पुढच्याच्या दारावर थाप पडे. आमच्या भिंतीवर जे आम्ही सुतळीने करत होतो, ते बाहेर कोणी जिवंत माणसांवर करत होतं. मास्टरमोशायांनी एक दिवस ती भिंत बराच वेळ पाहिली आणि तिच्यावर एक जुनी चादर टांगली.

बिनूला राजकारणातलं काही कळत नव्हतं, आणि कळून घ्यायचंही नव्हतं. पण बेहालातला त्याचा शाळेपासूनचा मित्र होता तपन, तो त्या घोषणा रंगवणाऱ्यांत होता. तपन लपून राहत होता आणि त्याच्या आईने केलेला डबा बिनू पोचवायचा. एवढंच मला त्याने सांगितलं होतं. मी म्हटलं, "तुला भीती नाही वाटत?" म्हणाला, "डबा आहे गं. वांग्याची भाजी."

मग पौष लागला आणि तो बदलला. टेबलावर मासे उमटेनासे झाले. त्याने मास्टरमोशायांना सांगून दुसऱ्या इमारतीतलं, ग्रंथालयातलं काम मागून घेतलं. मी दुपारची यायचे तर तो सकाळचा, मी सकाळची गेले तर तो दुपारचा. एस्प्लनेडला आमच्या बसेस एकाच ठिकाणाहून सुटायच्या, चहाची टपरी एक, पुस्तकांची कपाटं तीच. डोळे बांधून सोडलं असतं तरी आम्ही आठवड्यातून चारदा एकमेकांवर आपटलो असतो. पण संक्रांतीपर्यंत एकदाही दिसला नाही. हंडीतल्या खोट्या शहरातसुद्धा असं शून्य कधी आलं नव्हतं. तेव्हा तो मला टाळतोय हे मला कळलं, अगदी शास्त्रशुद्ध कळलं. का, ते शास्त्राला येत नव्हतं.

संक्रांतीला मराठी मंडळींनी नेहमीप्रमाणे हॉल भाड्याने घेतला होता. बँकवाले, रेल्वेवाले, विमावाले, आणि तीन पिढ्यांचे कलकत्तेकर, सगळे एका छताखाली येण्याचा हा एकच दिवस. इथली रीत अशी की सगळ्यांनी रांगेने उभं राहायचं आणि प्रत्येकाने प्रत्येकाला तिळगूळ द्यायचा. कोणी सुटता कामा नये. वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन जावा त्या दिवशी तळहात पुढे करायच्या. आईचे तिळगूळ खजुराच्या गुळाचे, त्याचा पाक तिला कधी साधला नाही, लाडू हाताला चिकटायचे. मी एक लाडू बिनूसाठी वेगळा धरून उभी होते. म्हटलं, आज कुठे जाशील? आज तर रीत आहे.

तो आईबरोबर आला. पांढरा सदरा, खोल गेलेले डोळे. माझ्या वडिलांकडून तिळगूळ घेतला, नमस्कार केला. आईकडून घेतला. मी हात पुढे केला. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, माझ्याकडे नाही, आणि माझ्या पलीकडे उभ्या असलेल्या बँकवाल्या बाईंकडे वळला. त्यांच्याकडून हसून घेतला. मागून आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे, हिला चुकवलंस की!"

"यांची ओळख नाही," बिनू म्हणाला. आणि पुढे गेला.

त्या खोलीत सगळ्यांच्या सगळ्यांशी रेघा ओढून झाल्या होत्या, एक सोडून. लाडू माझ्या तळहाताला चिकटून बसला होता. घरी येऊन पाण्याखाली हात धरला तरी निघेना. आई म्हणाली, "टाकून दे, मी दुसरा देते." मला तिच्यावर विनाकारण ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडले. मला त्याचा राग आला होता, भयंकर राग. दुःखाला उभं राहायला जागा मिळेना इतका राग. लोकांसमोर, आपल्या माणसांसमोर, संक्रांतीच्या दिवशी! संक्रांतीला वैरीसुद्धा चुकवत नाहीत. मग मी वैऱ्याच्याही पलीकडची कोण झाले होते?

माघ लागल्यावर त्याला बेहालाच्या बसथांब्यावरून नेलं. मास्टरमोशाय चौकशीला ठिकठिकाणी गेले. या नावाचं कोणी इथे नाही, असं उत्तर सगळीकडे मिळालं. त्यानंतर बिनू कोणालाच दिसला नाही. मेला असं कोणी सांगितलं नाही, जिवंत आहे असंही नाही. त्याच्या आईने वर्षश्राद्ध घातलं नाही आणि वाढदिवसाला कुंकू लावून त्याच्या फोटोला ओवाळलंही नाही. आणि मी? मला तर रडायचाही हक्क नव्हता. मी त्याची कोणी असल्याचं कोणालाच माहीत नव्हतं. असल्याची खात्री मलाच कुठे होती!

दर संक्रांतीला त्याची आई हॉलमध्ये येते. केस पांढरे झालेत. दरवर्षी रांगेत माझ्यापुढे आली की विचारते, "तू रेल्वेतल्या साहेबांची ना गं? आईबाबा बरे आहेत?" आणि माझ्या हातावर तिळगूळ ठेवते, जसा सगळ्यांच्या हातावर ठेवते. त्या क्षणी मला दरवर्षी वाटतं, तिचा तो हात घट्ट धरावा आणि सांगावं. पण काय सांगणार? की तुमच्या मुलाने सगळ्यांदेखत मला ओळखत नाही म्हटलं, ती मी?

बागबाजारचं काम मी पुरं केलं. कालाचांद आणि निस्तारिणी यांच्यापुढे एवढंच लिहिलं: संबंध आढळत नाही. मास्टरमोशायांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि पुसला. पुढे ते गेले. त्यांची खोली माझ्याकडे आली, हंडीही आली. आता मोठं यंत्र आम्हालाही मिळतं, ते बघता बघता हजारो खोटी शहरं काढून देतं, मुंग्या लागत नाहीत. चौरंगीवर भुयारी रेल्वेसाठी रस्ता खणून ठेवलाय, येताजाता त्या खंदकाच्या कडेने चालावं लागतं. खणलेल्या मातीला ओल असते. बिनू असता तर म्हणाला असता, पुन्हा मराठे येणार अशी बातमी दिसते.

मध्यंतरी सरकार बदललं, तुरुंगांची दारं उघडली, मुलं बाहेर आली. मुलं कसली, टक्कल पडलेले, खोकणारे पुरुष. मी वर्तमानपत्रातली नावं वाचत असे. मग वाचायचं सोडलं.

आणि या पौषात, एका दुपारी, खोलीच्या दारात एक लंगडणारा माणूस येऊन उभा राहिला. खांद्याला शबनम, दाढी पिकलेली. म्हणाला, "इथे काही वर्षांपूर्वी बिनायक नावाचा एक जण काम करत होता. त्याच्या ओळखीचं कोणी आहे का?"

माझ्या तोंडून निघालं, "आपण?"

"तपन. बेहालाचा."

मी त्याला बसवलं. तो मला ओळखत नव्हता. माझं नावही त्याने कधी ऐकलेलं नव्हतं. चहा आला, तो त्याने दोन्ही हातांत धरून ठेवला. म्हणाला, "दिदी, एक गोष्ट विचारायला आलोय. बाहेर आल्यापासून यायचं होतं, धीर होत नव्हता. आम्ही काही दिवस एका कोठडीत होतो. त्याला रोज विचारायचे, तुझ्या ओळखीचं कोण कोण? त्याच्यामागे तर पौषाच्या आधीपासून माणूस लागलेला होता. मला म्हणाला होता, मी आता ज्याच्याशी बोलेन त्याच्या घरी ते जातील, म्हणून मी जगाशी बोलणं सोडलंय. आणि तिथे मात्र, दिदी, त्याने भडाभडा नावं सांगितली. मी कानांवर हात ठेवले. रोज नवी नावं. सगळी बागबाजारातली. संध्याकाळी भिंतीला टेकून तो ती पुन्हा पुन्हा म्हणायचा, दुसऱ्या दिवशी जबानीत फरक पडू नये म्हणून. मी विचारलं, कोण रे ही माणसं? तर म्हणाला, ऑफिसातली. तुला कमी माहीत असलेलं बरं." तपनने कप खाली ठेवला. "माझ्यापायी तो आत आला होता. त्याने एवढी माणसं अडकवली ती माझ्यापायीच. मला फक्त सांगा, ती माणसं वाचली का?"

"नावं आठवतात?" मी विचारलं.

त्याने डोळे मिटले. "गुरुचरण. पीतांबर. निमाईचरण. कालाचांद तेली..."

मला हसू फुटलं. हसता हसता मी टेबलाची कड घट्ट धरली. "तपनबाबू, ही माणसं दीडशे वर्षांपूर्वीच गेली. आम्ही त्यांच्या चिठ्ठ्या करायचो. या हंडीत."

तो हंडीकडे पाहत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं. तोही हसला, आणि हसताना त्याच्या दाढीवरून पाणी ओघळायला लागलं. "म्हणजे ते बागबाजारात दारोदार फिरले ते... म्हणून परत येऊन त्याला एवढं..." त्याने दाढी पुसली. मग म्हणाला, "एका सकाळी त्याला नेलं. परत आणलं नाही. दारातून जाताना मला म्हणाला, डब्यात वांगं फार तिखट होतं, तुझ्या आईला सांग."

बाहेर शेगड्या पेटायला लागल्या होत्या, धूर खिडकीशी आला होता. मी म्हटलं, "बाकीची नावं सांगा. आठवतील तेवढी. सगळी."

तपन सांगत गेला. एकेक नाव आलं, की मला तो दस्त दिसत होता, ती गल्ली, ती टाचणी. बिनूला सगळं बागबाजार पाठ होतं. एक माणूस त्याने मागे ठेवला नव्हता. अगदी एकदाच कुठे सही केलेला तो नावाडीसुद्धा आला. शेवटी तपन थांबला. "एवढीच."

"निस्तारिणी?" मी विचारलं.

"नाही."

"नीट आठवा. कालाचांदच्या शेजारची. आमच्याकडे तिच्याइतके दस्त फार थोड्यांचे होते. तिला तो विसरणं शक्य नाही."

"नाही, दिदी. हे नाव आलं असतं तर माझ्या काळजात चर्र झालं असतं. माझ्या आजीचं नाव निस्तारिणी. तिने मला वाढवलं." तो ठामपणे म्हणाला, "सगळी नावं सांगितली त्याने. हे एक कधी तोंडातून काढलं नाही."

मेलेल्यांच्या यादीतसुद्धा, जिथे कोणी कोणाच्या दारावर थाप मारू शकणार नव्हतं, तिथेसुद्धा त्याने मला येऊ दिलं नव्हतं. मार खात असताना, घाईत, नावं कमी पडत असताना. एवढ्या नावांत हे एक शून्य. योगायोगाने ते येत नाही. वैराने तर नाहीच नाही.

तपन माझ्याकडे पाहत होता. हंडीकडे बोट करून त्याने हळूच विचारलं, "निस्तारिणी कोण, दिदी?"

त्या हॉलमध्ये तिळगुळाचा हात पुढे धरून मी उभी राहिले होते, तेव्हापासून मला हे कोणी विचारलंच नव्हतं.

"मी," म्हटलं.